मदत हवी आहे: नेटवर्क प्रोसेसर (पॅकेट्स हाताळणारी चिप) बदलत्या ट्रॅफिकशी किती जुळवून घेतो, हे मोजायचं कसं?

रात्रपाळी:
तीन आठवडे अडकलोय. ट्रॅफिक बदललं की माझा कोड फॉरवर्डिंगची (पॅकेट्स पुढे पाठवण्याची) काही मायक्रोइंजिन्स, म्हणजे चिपमधले छोटे प्रोसेसर, काढून एन्क्रिप्शनला देतो. तरी थ्रूपुट (ठरावीक वेळात पार होणारं ट्रॅफिक) कायमच्या वाटणीइतकंच, उलट ड्रॉप (गळालेली पॅकेट्स) जास्त. चुकतंय कुठे? परवा निकाल दाखवायचेत.

बिटमोजणी:
चिप कोणती? खरी की सिम्युलेटर? ट्रॅफिक कसलं सोडताय?

रात्रपाळी:
आयएक्सपी २८००, सिम्युलेटरवर. १६ मायक्रोइंजिन्स, प्रत्येकात ८ थ्रेड. ट्रॅफिक आरएफसी २५४४ (नेटवर्क उपकरणं तपासायची ठरलेली पद्धत) प्रमाणे, पॅकेट ६४ ते १५१८ बाइट.

साधासर्व्हर:
इंटेलने ती मालिका केव्हाच सोडली. साधा सर्व्हर घ्या, डीपीडीके (पॅकेट्स वेगाने हाताळणारं सॉफ्टवेअर) टाका, सुटाल.

बिटमोजणी:
चिप बदलू का, असं त्यांनी विचारलेलंच नाही. सर्व्हरवर कोअर वाटतानाही हाच प्रश्न येतो.
रात्रपाळी, २५४४ च्या थ्रूपुट चाचणीत एका फेरीभर वेग आणि आकार तोच राहतो. ट्रॅफिक बदलतच नाही, मग फायदा दिसणार कुठून? तरीही वाटणी बदलतेय का, ते बघा.

रात्रपाळी:
बदलतेय! दर काही मिलिसेकंदांनी. रांग अर्ध्याच्या वर गेली की इंजिन देतो, खाली आली की काढतो.

जुनीतार:
रांगच मोठी करा. आम्ही नेहमी तेच करायचो.

बिटमोजणी:
त्याने ड्रॉप झाकले जातील आणि विलंब वाढेल. खरा घोळ एकाच उंबरठ्याचा आहे: रांग त्याच्या वर-खाली होत राहते आणि वाटणी सतत हेलकावते. नवा कोड भरायला इंजिन थांबवावं लागतं आणि १० गिगाबिटवर ६४ बाइटची पॅकेट्स एका मिलिसेकंदात जवळपास १४,८८० येतात. द्यायचा उंबरठा वर, काढायचा बराच खाली ठेवा. मग एन्क्रिप्शनचं प्रमाण एकदम वाढवा आणि फक्त त्या क्षणाच्या आसपासचं मोजा: स्थिरावायला किती वेळ लागला, तेवढ्यात किती ड्रॉप झाले. तुलना त्या ट्रॅफिकसाठी सगळ्यात चांगल्या ठरणाऱ्या कायमच्या वाटणीशी करा. सरासरीत हे सगळं बुडून जातं.

जुनीतार:
एकदाच वाढवून काय कळणार? बेलकोअर या अमेरिकी दूरसंचार संशोधन संस्थेतल्या मोजणीवरून १९९४ मध्येच दाखवलं गेलंय की इथरनेटचे झटके मोठ्या कालावधीच्या सरासरीतही विरत नाहीत. खरा ट्रेस (नोंदवून ठेवलेलं खरं ट्रॅफिक) चालवा.

बिटमोजणी:
हे मान्य. पण आधी एकच बदल, मग ट्रेस. नाहीतर कशाचा परिणाम कशावर, तेच कळत नाही.

रात्रपाळी:
दोन उंबरठे ठेवले, हेलकावे थांबले! ड्रॉप आता फक्त बदलाच्या क्षणी. पण त्यानंतर पॅकेट्सचा क्रम बिघडतोय, हे नवीनच.

बिटमोजणी:
एकाच फ्लोची (एकाच जोडणीच्या प्रवाहाची) पॅकेट्स जुन्या आणि नव्या इंजिनावर एकाच वेळी जातायत का? वाटणी पॅकेटनिहाय आहे की फ्लोनिहाय, हेही तुम्ही लिहिलेलं नाही.