गणपतीपुळे या खेपेला सोडा

हरिहरेश्वर, दापोली, गुहागर आणि गणपतीपुळे, तेही पुण्याहून तीन दिवसांत? मी गणपतीपुळ्यावर सरळ काट मारेन. नकाशावरचे किलोमीटर पाहून फसू नका, किनाऱ्याचा रस्ता अरुंद आणि वळणावळणांचा.

पहिला मुक्काम हरिहरेश्वर. सकाळी बागमांडल्याहून फेरीबोटीने गाडीसकट सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला उतरा, महाड-मंडणगडचा मोठा वळसा वाचतो. पुढे दापोलीच्या किनाऱ्यावरची केळशी, आंजर्ले. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपती मंदिरापासून खाली सुवर्णदुर्ग किल्ला दिसतो, तिथे घाई नको. मात्र दुपार कलायच्या आत हर्णै गाठा. बोटी लागल्या की वाळूवरच मासळीचा लिलाव सुरू होतो. सुरमई-पापलेटांच्या टोपल्यांभोवती कोंडाळं आणि भाव असा भराभर चढतो, की आपल्याला कळेपर्यंत टोपली उचललेली असते! (चपला जुन्या घाला, वास आठवडाभर जात नाही.) मुक्काम हर्णैजवळचं मुरूड (जंजिऱ्याचं नव्हे) किंवा कर्दे.

तिसऱ्या दिवशी दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर आणि चिपळूण, कुंभार्ली घाटाने परत. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारा. सुट्टीच्या दिवशी जेटीवर आमचा दीड तास मोडला होता.