एका घराच्या दोनच बादल्या घेणार म्हणे. संत्र्याच्या सालींचं काय करायचं?

मनीषनगरकर:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीनं ठरवलं की रोज एका घरातून कचऱ्याच्या दोनच बादल्या गाडीत जातील, एक ओली अन् एक सुकी. घरात सहा माणसं. सुकी भरत नाही, ओली मात्र मावत नाही. संत्र्याचा सीझन, आई रोज रस काढते, सालींनीच बादली भरून जाते. बाल्कनी लहान, ऊन पश्चिमेचं. वास न येता घरीच काही करता येईल का?

धरमपेठवाला:
टॅक्स भरता ना भाऊ? मग जादा बादली मागा. उचलणं त्यांचं काम आहे.

बागवाली काकू:
टॅक्सचं खरं आहे, पण गाडीतली साल जाते भांडेवाडीला, नागपूरच्या कचरा डेपोत. ढिगाखाली दबलेला ओला कचरा हवेशिवाय सडतो, मिथेन हा पेट घेणारा गॅस तयार होतो. उन्हाळ्यात ढीग पेटला की धूर तिथल्या वस्त्यांच्या नाकात जातो. म्हणून मी तुमच्या सोसायटीच्या बाजूनं आहे.

घरीच खत करायला लहान बाल्कनी पुरते, भाऊ. रंगाचा रिकामा मोठा डबा घ्या, स्वच्छ धुऊन बुडाला अन् बाजूंना भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. भाजीच्या देठांचा एक थर, त्यावर दुप्पट सुका पाला. सुरुवातीला मूठभर शेणखत नाहीतर आंबट ताक. वास येतो तो ओल जास्त झाल्यानं. मुठीत दाबून पाहा, हात ओलसर व्हावा पण थेंब पडू नये. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की उलटं होतं, डबा कोरडा पडून कुजणं थांबतं. तेव्हा पाणी शिंपडा, वर ओलं गोणपाट टाका. पाला विकत घेऊ नका. फेब्रुवारी-मार्चात कडुलिंबाची पानं गळतात अन् लोक ती जाळून राहतात! पाहून जीव तुटतो. पोती भरून ठेवा.

साली डब्यात थोड्याच टाका, बारीक चिरून. फार झाल्या तर लवकर कुजत नाहीत. बाकीच्यांचं एन्झाइम, म्हणजे सालींचं आंबवलेलं पाणी करा: १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी. प्लास्टिकच्याच बाटलीत, वर जागा सोडून. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस काढा. ३ महिन्यांनी गाळून फरशी पुसायला वापरा.

मनीषनगरकर:
काकू, अळ्या झाल्या तर आई डबाच फेकून देईल.

बागवाली काकू:
आईंना सांगा, त्या चावत नाहीत, खतच करतात. दिसल्या की पाला वाढवा, डब्याचं तोंड सुती फडक्यानं बांधा. मटणाची हाडं अन् उरलेली आमटी टाकू नका. आणखी एक, दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका. तेवढासा तुकडा कोणी उचलत नाही, नालीतून वाहत जातो. अख्खी पिशवी धुऊन वाळवली की कबाडीवाला नेतो. पाला कमी पडला तर सांगा, माझ्या गच्चीत पोती आहेत.