बनवाबनवीचा रिमेक आला तर कास्ट कोण?

सदाशिवपेठी: काल कट्ट्यावर जाम वाद झाला, १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'चा रिमेक काढला तर अशोक सराफ आणि लक्ष्याच्या जागी कोण घ्यायचं? मला तर एक नाव सुचेना

कोथरूडकर: हात लावू नका राव!! २०१३ चा बच्चनच्या 'जंजीर'चा रिमेक बघितला ना, काय वाट लावली

टेकडीवाला: अहो पण बनवाबनवीच मुळात १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतलाय, दिग्दर्शक सचिन पिळगावकरांनी तो पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत आणला म्हणून आपला वाटतो

मिसळप्रेमी: 'अग्निपथ'चा रिमेक घ्या, २०१२ मध्ये हृतिकला बच्चनचा आवाज काढायला लावलाच नाही आणि ऋषी कपूर चक्क रौफ लाला, डोळ्यात सुरमा घालून! जुन्यात ते पात्रच नव्हतं. याला म्हणतात कास्टिंग

कोथरूडकर: बरं, मग साडी नेसून लक्ष्याची पार्वती कोण करणार ते सांगा आधी