उडत्या सुरयाच्या डोळ्यावर फोकस का टिकत नाही?

भीमाकाठ (प्रश्न)

नमस्कार. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगाव आणि डिकसळ भागात मी हिवाळ्यात पक्ष्यांची छायाचित्रे काढण्यासाठी जात असतो. बसलेल्या पक्ष्यांची छायाचित्रे मनासारखी येतात. पाण्यातल्या काठीवर खंड्या बसला असेल, तर त्याच्या छातीवरचे पीस न् पीस वेगळे दिसते. अडचण येते ती पक्षी उडाल्यावर, आणि त्यातही नदी सुरय (रिव्हर टर्न) या पाणपक्ष्याच्या बाबतीत.

माझ्याकडे निकॉनचा क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा डीएसएलआर आणि २००-५०० मिमी एफ/५.६ ही लेन्स आहे. नावेतून, कॅमेरा हातात धरून, ५०० मिमीवर चित्रण करतो. फोकस एएफ-सी (सतत जुळत राहणारा), नऊ बिंदूंचा डायनॅमिक एरिया (निवडलेल्या बिंदूला आजूबाजूच्या बिंदूंची मदत), शटर १/१६००, अपर्चर पूर्ण उघडे, आयएसओ ऑटो, व्हीआर (हाताचा कंप सावरणारी सोय) नॉर्मलवर आणि वेग सेकंदाला आठ फ्रेम, अशी मांडणी असते. सुरय बाजूने उडत गेला तर मालिकेतील पहिल्या काही फ्रेम धूसर येतात आणि मधल्या एखाद-दुसऱ्या बऱ्या निघतात. तो सरळ माझ्या दिशेने आला तर मात्र जवळजवळ सगळीच मालिका वाया जाते. एका फ्रेममध्ये अलीकडच्या पंखाच्या टोकाची पिसे सुस्पष्ट आहेत आणि डोळा धूसर आहे, तर दुसऱ्या फ्रेममध्ये पक्ष्याच्या मागच्या लाटा स्वच्छ दिसतात आणि पक्षीच धूसर आहे.

एका दुकानदाराने लेन्सचे कॅलिब्रेशन (फोकसची जुळवणी) करून घ्यावे, किंवा सरळ नवा कॅमेराच घ्यावा, असे सुचवले आहे. खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. दोष लेन्सचा आहे, शटरच्या वेगाचा आहे की माझ्या पद्धतीचा? अपर्चर एफ/८ केल्यास उपयोग होईल का?

लांबपल्ला

भीमाकाठ, आपण दोन फ्रेमचे जे वर्णन केले आहे त्यातच निदानाचा बराच भाग येतो. धूसर छायाचित्राची तीन कारणे संभवतात आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून कोणतेही सेटिंग बदलण्याआधी छायाचित्र संगणकावर १०० टक्के मोठे करून पाहावे. पक्षी धूसर असून त्याच्या पुढचे किंवा मागचे काहीतरी स्वच्छ असेल, तर फोकस चुकला आहे. डोळ्याची आणि चोचीची कड एकाच दिशेने ओढल्यासारखी किंवा दुहेरी दिसत असेल, तर ती हालचाल आहे. आणि चौकटीत कुठेच काही स्वच्छ नसेल, कडा उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारख्या वेड्यावाकड्या असतील, तर मधली हवा तापलेली आहे आणि त्यावर कोणत्याही सेटिंगचा इलाज चालत नाही. आपल्या दोन्ही फ्रेममध्ये फोकस चुकलेला आहे. एनएक्स स्टुडिओ या निकॉनच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फोकसबिंदू कुठे होता तेही दिसते. तो बिंदू पक्ष्यावरून सरकून पाण्यावर गेलेला आढळला, तर लेन्सवर संशय घेण्याचे कारण उरत नाही.

आता थोडे गणित, कारण त्याशिवाय या प्रकारातली अडचण नेमकी कळत नाही. क्रॉप सेन्सरवर ५०० मिमी आणि एफ/५.६ असताना २० मीटरवरच्या पक्ष्यासाठी स्वच्छ दिसणाऱ्या पट्ट्याची खोली, नेहमीच्या कोष्टकांप्रमाणे, सुमारे ३५ सेंमी भरते. १०० टक्के मोठे करून पाहण्याची कडक कसोटी लावली तर ती साधारण निम्मीच धरावी. पक्षी १० मीटरवर आला की हे ३५ सेंमी ९ सेंमीवर येतात. सुरयाच्या पंखांचा पसारा पाऊण मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे बाजूने जाणाऱ्या सुरयाचे दोन्ही पंख आणि डोळा एकाच वेळी स्वच्छ मिळणे जवळून शक्यच नसते. तोच पक्षी ताशी ३६ किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर, आपल्याकडे येत असेल, तर सेकंदाला आठ फ्रेमच्या वेगात दोन फ्रेमदरम्यान तो सव्वा मीटर पुढे आलेला असतो. याचा अर्थ प्रत्येक फ्रेमच्या वेळी पक्षी कुठे असेल याचा अंदाज कॅमेऱ्याला आधीच बांधावा लागतो, आणि हा अंदाज त्याच्या आधीच्या मोजणीवरच अवलंबून असतो.

आपल्या पहिल्या फ्रेम धूसर येतात त्याचे उत्तर इथेच आहे, असे माझे मत आहे. पक्षी दिसताच कॅमेरा उचलून लगेच शटर दाबले, तर कॅमेऱ्याला मोजणी करायला वेळच मिळत नाही. पक्षी दूर असतानाच त्याच्यावर बिंदू ठेवून फोकस चालू करावा, किमान अर्धा ते एक सेकंद त्याच्यामागे जावे आणि त्यानंतरच शटर दाबावे. कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वी, पक्षी जिथे येईल असे वाटते तितक्याच अंतरावरच्या एखाद्या काठीवर किंवा गवताच्या बेटावर फोकस करून ठेवण्याची सवय लावा. लेन्स आधीच्या दोन-तीन मीटरवरच्या फोकसवर राहिलेली असेल, तर व्ह्यूफाइंडरमध्ये सुरय दिसतच नाही आणि लेन्स पुढे-मागे शोधत बसते. आपल्या लेन्सवर फोकसची कक्षा ६ मीटरपासून पुढे मर्यादित करणारी कळ आहे, तिचा उपयोग करावा. मेन्यूमध्ये एएफ-सीचा प्राधान्यक्रम ‘रिलीज’वर (फोकस जुळो न जुळो, फ्रेम घ्यायची) असेल, तर तो ‘फोकस’वर करून पाहा, फ्रेमची संख्या कदाचित घटेल, पण उपयोगी फ्रेमचे प्रमाण वाढेल.

शटरविषयी: १/१६०० पंखांसाठी अपुरे आहे, सुरयासाठी १/२५०० ते १/३२०० ठेवा. तरीही शटरवर सगळा भार टाकू नये. २० मीटरवर, सेकंदाला १० मीटर वेगाने आडवा जाणारा पक्षी १/३२०० सेकंदातही सुमारे ३ मिमी सरकतो आणि आपल्या सेन्सरवर ते सरकणे अठरा-एकोणीस पिक्सेलइतके होते. कॅमेरा पक्ष्याच्या वेगाने फिरत असेल तरच ते भरून निघते. म्हणून कंबरेतून वळण्याचा सराव आधी, शटर नंतर. व्हीआर ‘स्पोर्ट’वर ठेवा किंवा इतक्या वेगवान शटरला बंद करून पाहा. एफ/८ केल्यास २० मीटरवर स्वच्छ पट्टा ३५ वरून ५० सेंमीच्या आसपास जातो, पण फोकस तर पूर्ण उघड्या अपर्चरवरच होतो, त्यामुळे फोकसच्या अचूकतेत काही फरक पडत नाही आणि एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश मात्र जातो. भर उन्हात हा सौदा परवडतो, सकाळी सातला नाही.

ओलीवाळू

लांबपल्ला यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. फोकसच्या क्षेत्राविषयी मात्र थोडी भर घालतो, कारण उजनीवर पार्श्वभूमी सारखी बदलत असते. पक्षी मोकळ्या आकाशात असेल तर कॅमेऱ्याला दुसरे काही पकडण्यासारखे नसते. अशा वेळी ग्रुप एरिया (काही बिंदू एकत्र वापरणारे क्षेत्र) किंवा पंचवीस बिंदूंचा डायनॅमिक एरिया सोयीचा. सुरय पाण्यालगत आला की त्याच्यामागे चमकणाऱ्या लाटा येतात. त्यांच्यात कॉन्ट्रास्ट भरपूर असतो, आणि पांढऱ्या-राखी पक्ष्यात तो तुलनेने कमी. फोकस लाटांकडे ओढला जातो तो यामुळे. तिथे क्षेत्र लहान ठेवावे आणि ‘फोकस ट्रॅकिंग विथ लॉक-ऑन’ चार किंवा पाचवर न्यावे, म्हणजे बिंदू क्षणभर पक्ष्यावरून घसरला तरी कॅमेरा लगेच लाटांवर उडी मारणार नाही. फोकस एकदा लाटांवर गेलाच, तर तो आपोआप परत येण्याची वाट पाहू नका. बोट उचला, पक्षी पुन्हा चौकटीत घ्या आणि नव्याने दाबा. अंगठ्याच्या बटणाने फोकस करण्याचे कौतुक सर्वत्र होते. सोय म्हणून ते चांगलेच आहे, पण त्याने फोकस अधिक अचूक होतो हा समज निराधार आहे.

माझ्या मते याहूनही मोठा फरक वाऱ्याने पडतो, आणि आपल्याकडच्या चर्चांमध्ये त्याचा उल्लेख क्वचितच येतो. पक्षी उड्डाण घेताना आणि उतरताना तोंड वाऱ्याकडे ठेवतो, आणि समोरून वारा असताना जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग कमी होतो. सकाळी वारा पूर्वेकडून असेल, तर सूर्य आणि वारा दोन्ही आपल्या पाठीशी येतील अशी नाव लावायला नावाड्याला सांगा. पक्षी आपल्या दिशेने, सावकाश, तोंडावर ऊन घेऊन येईल, आणि फोकसच्या यंत्रणेला याहून अनुकूल परिस्थिती मिळत नाही. कुंभारगावच्या अनुभवी नावाड्यांना हे न सांगताही कळते; त्यांना फक्त आपल्याला काय हवे आहे ते आधी सांगावे लागते.

सराव सुरयावर सुरू करू नये, असेही सुचवतो. चित्रबलाक आणि बगळे संथ आणि सरळ उडतात. कवड्या खंड्या तर पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, त्याच्यावर बिंदू डोळ्यावर ठेवण्याचा सराव फार चांगला होतो. घराच्या गच्चीवरून घारी मिळतातच. एक विनंती मात्र आवर्जून करतो: उडतानाचे छायाचित्र हवे म्हणून रोहितांच्या किंवा पट्टकादंबांच्या थव्यात नाव घालायला नावाड्याला कधीही सांगू नये. पैसे देणाऱ्या पाहुण्याला नाही म्हणणे त्याला जड जाते, आणि दिवसातून चार नावांनी उठवलेला थवा खाणे सोडून जागाच बदलतो.

काचबिंदू

नव्या कॅमेऱ्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मी मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा वापरतो. कॅननचा आर५ २०२० मध्ये आणि सोनीचा ए१ २०२१ मध्ये आला, तेव्हापासून पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस ठेवणे हे काम कॅमेरा बऱ्याच अंशी स्वतः करतो, आणि संपूर्ण चौकटीत करतो. सुरय कोपऱ्यात असला तरी चालतो, हा फायदा नाकारता येत नाही. पण पक्षी चौकटीत आणणे, तो पुरेसा मोठा होईपर्यंत थांबणे आणि आधीच्या अंतराची तयारी ठेवणे यांपैकी काहीही कॅमेरा करत नाही, आणि पक्षी खूप लहान असेल किंवा लेन्स पूर्ण फोकसबाहेर असेल तर डोळा ओळखलाच जात नाही. शिवाय इलेक्ट्रॉनिक शटर वापरताना, सेन्सर संथ वाचला जाणारा असेल तर, फडफडणारे पंख वाकडे झालेले दिसतात. आपल्या लेन्ससह आपला कॅमेरा या कामाला पुरेसा आहे. त्यावर १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारे जोडभिंग) मात्र लावू नका. एफ/८ झाल्यावर डीएसएलआरचे बहुतेक फोकसबिंदू निरुपयोगी होतात.

कॅलिब्रेशनची शंका घरीच फेडता येते. तिपाईवर कॅमेरा लावून २०-२५ मीटरवरच्या छापील मजकुरावर आधी व्ह्यूफाइंडरने आणि मग लाइव्ह व्ह्यूने (मागच्या पडद्यावर पाहून) फोकस करा, प्रत्येक वेळी लेन्स मुद्दाम फोकसबाहेर नेऊन. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस सेन्सरवरच होत असल्याने ती फ्रेम प्रमाण मानावी. दोन्हींत सातत्याने फरक दिसला तरच एएफ फाइन ट्यूनला (कॅमेऱ्यातल्या फोकस सुधारण्याच्या सोयीला) हात लावावा. पुढच्या काचेवर स्वस्त यूव्ही फिल्टर असेल, तर चाचणीपूर्वी तो काढून ठेवा.

भीमाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. चाचणी केली, दोन्ही प्रकारच्या फ्रेममध्ये सातत्याचा फरक नाही, म्हणजे लेन्स निर्दोष आहे. जुन्या फाइल सॉफ्टवेअरमध्ये पाहिल्या तेव्हा बहुतेक धूसर फ्रेममध्ये बिंदू पक्ष्याच्या शेपटीमागे, पाण्यावर आढळला. काही फ्रेममध्ये तो बरोबर छातीवर आहे, तरीही पांढऱ्या पिसांत तपशील नाही. याचे कारण काय असावे? आणि सुरय मासा पकडायला सूर मारतो तो क्षण मला कधीच मिळालेला नाही, त्याविषयी काही सांगता आले तर बरे होईल.

लांबपल्ला

छातीवरचा तपशील बहुधा फोकसमुळे नव्हे, एक्स्पोजरमुळे गेला आहे. गडद पाण्यासमोर पांढरा पक्षी आला की मीटर पाण्याला भुलून प्रकाश वाढवतो आणि पिसे पूर्ण पांढरी होतात. धूसरपणा आणि उडालेला पांढरा रंग यांत छोट्या पडद्यावर फरक करणे अवघड जाते. शटर, अपर्चर आणि आयएसओ तिन्ही हाताने ठरवून, उन्हात बसलेल्या एखाद्या बगळ्यावर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तपासून घ्या. ऊन बदलेपर्यंत मग पार्श्वभूमी कोणतीही आली तरी मांडणी बदलावी लागत नाही.

सूर मारतानाच्या क्षणाचा हट्ट सुरुवातीला सोडावा, असे मी सुचवेन. सुरय खाली झेपावतो तेव्हा त्याचा वेग आणि दिशा एकदम बदलते आणि आधीचा सगळा अंदाज फोल ठरतो. त्याऐवजी त्याची चोच पाहा. तो उडता उडता चोच खाली वळवून हवेत क्षणभर थबकतो, तेव्हाच त्याच्यावर फोकस पक्का करा. तो झेपावताच कॅमेरा त्याच्यासोबत पाण्यापर्यंत न्या, पण शटर दाबू नका. पाण्यातून वर येताना तो जड आणि संथ असतो, पाणी उडते, चोचीत मासा असतो, आणि थोडे वर गेल्यावर तो उडतानाच अंग झटकतो. अंतर जवळपास तेच राहिलेले असल्याने कॅमेऱ्याला पुन्हा फोकस पकडायला फारसा वेळ लागत नाही, म्हणून मालिका तिथे सुरू करा. यासाठी ५०० ऐवजी ३५०-४०० मिमीवर राहावे. आपल्या लेन्सची झूमची कडी बरीच फिरवावी लागते, तेवढा वेळ त्या घाईत मिळत नाही.