मदत हवी आहे: सौर खड्ड्यातून दिवसभरात जेमतेम अर्धी वाटी पाणी, कुठे चुकलं?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आम्ही आठजण रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पाचनई आणि मग हरिश्चंद्रगड असा रेंज ट्रेक करायचा म्हणतोय. पाण्याचा विषय निघाला तेव्हा ग्रुपमधल्या एकाने ठासून सांगितलं, "प्लास्टिकचा कागद आणि पातेलं घ्या. खड्डा खणला की कुठेही दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी मिळतं." वर व्हिडिओही पाठवला: उन्हाने मातीतली ओल वाफ होते, वरच्या कागदाला आतून थेंब धरतात आणि खालच्या पातेल्यात ठिबकतात. मला पटेना, पण खोटं आहे असंही म्हणवेना. म्हणून मागच्या रविवारी संगमनेरजवळ मामाच्या शेतावर करून बघितलं.

बांधाजवळ उन्हाची जागा बघून तीन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घेतला. वीतभर मातीनंतर मुरूम लागला, मग पहार. तासभर गेला आणि माझी एक लिटरची बाटली तिथेच संपली. मधोमध स्टीलचं पातेलं ठेवलं, भोवती रुईची पानं टाकली (बांधावर हिरवं तेवढंच होतं). वर मामाच्या पॉलिहाऊसचा उरलेला कागद, कडेने माती दाबली, मधे लिंबाएवढा दगड. साडेदहाला झाकलं.

पाऊण तासात कागद आतून धुरकट झाला, थेंब दिसायला लागले. मी खूश. दर तासाला एक कड उचलून बघत होतो. पाच वाजता काढलं तर पातेल्यात तळ झाकेल एवढं पाणी. मामीच्या खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजलं, ७० मिली भरलं. कागदाला मात्र आतून थेंबच थेंब, ते पडेचनात. पाण्याला पाल्याचा उग्र वास, त्यामुळे प्यायलो नाही. मामा म्हणाले, "एवढ्यासाठी माझी पहार बोथट केलीस?"

तर प्रश्न असे: चूक कुठे झाली? नीट केलं तर खरंच लिटरभर मिळतं का? आणि ट्रेकला यावर विसंबावं का?

कातळकडा
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. अजिबात नाही. एक लिटर पिऊन ७० मिली मिळवलेत, हिशोब तुमच्याच धाग्यात आहे. भर उन्हात पहार चालवणारा माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम गाळतो. शिवाय आपल्याकडे गडावर खणणार कुठे? कातळावर?

तुमच्या वाटेवर रतनवाडी, कुमशेत, पाचनई अशी गावं आहेत. तिथे बाटल्या भरून घ्या, पाणी मागायला लाजू नका. माणशी चार लिटर घेऊन निघा आणि पहाटे पाचला चाल सुरू करा. अकराला सावलीत. गडावरच्या टाक्यांचं पाणी गाळून, उकळून. बाकी सगळे व्हिडिओ डिलीट करा.

निवृत्त_मास्तर
कातळकडा, डिलीट कशाला करता! प्रयोग चांगला आहे, अपेक्षा चुकीची आहे.

हा खड्डा उगाच कुणी सुचवलेला नाही. जॅक्सन आणि व्हॅन बॅव्हेल या दोघांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात तो करून १९६५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. लिटर-दीड लिटरचा आकडा तिथूनच फिरत फिरत आला. पण त्यांनी मातीच्या जोडीला कापलेली निवडुंगं घातली होती, ती वाट्सॲपपर्यंत पोचता पोचता गळून पडली.

आता गणित बघा. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट (विजेच्या बिलातलंच युनिट) उष्णता लागते. एप्रिलमध्ये आपल्याकडे एक चौरस मीटरवर दिवसाला सहा-साडेसहा युनिट ऊन पडतं. म्हणजे एक कणही वाया गेला नाही तरी नऊ-दहा लिटरच्या वर जाता येत नाही. प्रत्यक्षात खारं पाणी भरून वर काच लावलेली चांगली पेटीसुद्धा चौरस मीटरला तीन ते पाच लिटर देते. चिलीमध्ये लास सालिनास इथे १८७२ साली विल्सन नावाच्या अभियंत्याने खाणीवरच्या खेचरांसाठी काचेच्या पेट्यांचं मोठं आवार उभारलं होतं. साडेचार हजार चौरस मीटरहून जास्त काच, आणि पाणी रोज २२-२३ हजार लिटर. भागाकार करा, चौरस मीटरला पाचच्या आतच येतं. तेही आयतं खारं पाणी ओतून.

तुमच्या खड्ड्याचं तोंड पाऊण चौरस मीटरसुद्धा नाही आणि आत ओतायला पाणीच नव्हतं. कोरडा मुरूम काय देणार? ऊन भरपूर आहे हो, ओल नाही.

पॉलिहाऊसवाला
दादा, कागद उलटा लागला तुमचा. पॉलिहाऊसच्या कागदाला बहुतेक वेळा एका बाजूने अँटिड्रिप असतं. ती बाजू आत आली की पाणी थेंब न धरता पातळ पडद्यासारखं खाली ओघळतं. उलटी लागली की मोत्यासारखे थेंब चिकटून बसतात, ऊनही अडवतात. कडेला 'इनसाइड' छापलेलं असतं, बघा. आमच्याकडे पहिल्या वर्षी एका गाळ्यावर उलटा चढवला होता, ढोबळी मिरचीवर पहाटे पाऊस पडायचा.

साधा कागद असेल तर आतली बाजू बारीक पॉलिश पेपरने हलकी घासा. आणि दगड जड घ्या, लिंबाएवढ्याने उतार होत नाही. कागद खड्ड्याच्या भिंतीला टेकता कामा नये, नाहीतर सगळं पाणी मातीत परत.

रानभूल
रुई??? अहो, चीक असलेलं काहीही आत घालू नका. रुई नको, कण्हेर नको, शेर नको, चिकाचा निवडुंग नको. डोळ्यात गेला तर वेगळंच दुखणं. फड्या निवडुंग चालतो. केळीचे खांब चिरून घातले तर सर्वात उत्तम, नुसतं पाणीच असतं त्यात. आणि उग्र वासाचं पाणी प्यायला नाहीत ते बरं केलंत. वाफेबरोबर उडून येणारे पदार्थ या पद्धतीने वेगळे होत नाहीत.

खणायचा कंटाळा असेल तर पारदर्शक पिशवी करंजाच्या किंवा जांभळाच्या पानांनी भरलेल्या फांदीवर चढवून तोंड घट्ट बांधा, एक कोपरा खाली येईल असा खडा टाका. मला दिवसभरात एका पिशवीत पाऊण वाटी मिळालंय. घाम शून्य.

बंदरावरचा
मी काही वर्षं जहाजावर होतो. दुसऱ्या महायुद्धात मारिया टेल्केस या बाईंनी तराफ्यांसाठी फुगवून समुद्रावर तरंगत ठेवायचं असंच साधन बनवलं होतं. तिथे त्याला अर्थ आहे, खाली हवं तेवढं पाणी असतं आणि खणायचं नसतं. तरीसुद्धा आज लाइफराफ्टमध्ये माणशी दीड लिटर बंद पाणी ठेवावंच लागतं. यावरून काय ते समजा.

धागाकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. कागदावर 'इनसाइड' खरंच होतं, माझ्याकडून उलटा लागला होता 🙈

काल पुन्हा केलं. खड्डा तयारच होता. केळीचे दोन खांब चिरून टाकले, भोवतीच्या मातीत बोअरचं एक बादली पाणी जिरवलं (मामांचं बोअर खारं आहे, चहा फाटतो), कागद सरळ लावला, नारळाएवढा दगड ठेवला. पातेल्यातून सलाईनची नळी बाहेर काढली, म्हणजे उघडायला नको. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कागदाला हात लावला नाही. ६२० मिली! वास नाही. पाणी अगदी मिळमिळीत लागलं.

एक शंका, सूर्य मावळल्यावरही नळीतून ओढलं की दरवेळी थोडं थोडं येत होतं, ते कसं?

निवृत्त_मास्तर
वा! माती दिवसभर तापलेली, कागद रात्री गार. वाफ चालूच राहते. पहिल्या वेळी पाचला उघडून तुम्ही तो सगळा हिस्सा सोडलात. शिवाय दर तासाला कड उचलत होतात, दरवेळी आतली दमट हवा बाहेर आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता खरं सांगू का, तुमच्या मामांना खड्डा नको, पेटी हवी. तीन बाय चार फुटांचा पत्र्याचा ट्रे, आतून काळा रंग, दोन-तीन सेंटिमीटर खारं पाणी, वर दक्षिणेकडे उतरती चार मिलीची काच आणि काचेच्या खालच्या कडेला पन्हाळी. भावनगरच्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेने खाऱ्या पाण्याच्या गावांसाठी अशा पेट्यांवर बरंच काम केलंय. आठवड्यातून एकदा साचलेलं मीठ धुऊन काढायचं. सगळ्या घराला पुरणार नाही, पण दोघांचं पिण्याचं भागेल.

धागाकर्ता
मामींनी ते ६२० मिली आधीच इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतलं 😀 म्हणाल्या, विकतचं बॅटरीचं पाणी आणायला संगमनेरला कोण जातंय. पेटीचं मात्र मामांनी मनावर घेतलंय, पत्रा आला पण. काच कशाने चिकटवू? एम-सील चालेल का?

कातळकडा
एम-सील नको, उन्हात तडकतं. मत्स्यटाकी बनवणाऱ्याकडून सिलिकॉन घ्या, व्हिनेगरसारखा वास येतो ते. वास पूर्ण जाईपर्यंत तीन-चार दिवस उघडंच वाळू द्या आणि पहिल्या दोन दिवसांचं पाणी टाकून द्या. किंवा मामींच्या बॅटरीत.

ट्रेकला माणशी चार लिटर. विसरू नका.