साइडकारवाली बुलेट, ३५ वरून खाली येताना हँडल हलतं. काय बघू, कोणाला दाखवू?

रामबागवाला, इंदूर
नमस्कार मंडळी. बाबांची जुनी बुलेट ३५० आहे, गेल्या वर्षी तिला डावीकडे साइडकार लावून घेतली. कंबरेच्या ऑपरेशननंतर आईला गाडीवर मागे बसणं जमत नाही, साइडकारला दार ठेवलंय म्हणून आरामात बसते. आता प्रॉब्लेम असा की स्पीड ३५ वरून २५ वर येईपर्यंत हँडल डावं-उजवं डावं-उजवं जोरात हलतं, दोन्ही हातांनी धरलं की थांबतं, पकड जरा सैल केली की परत सुरू. परवा अन्नपूर्णेच्या देवळात जाताना महू नाक्यापाशी इतकं हललं की आईने पुढची दांडी घट्ट धरली ती देऊळ येईपर्यंत सोडलीच नाही. घरी आल्यावर म्हणाली पुढच्या वेळी तू एकटा जाऊन ये. ते मला फार लागलं. एका गॅरेजवाल्याने पुढचा-मागचा दोन्ही टायर बदलायला लावले, पैसे गेले, फरक शून्य. इंदूरमध्ये साइडकारचं काम जाणणारं कोणी आहे का?

जुनी बुलेट, बडोदा
दादा, आधी कोणाकडेच नेऊ नका, घरी बघा. थरथर कधी येते त्यावरून निम्मं कळतं. जागेवर उभी असताना रेस दिली तरी येत असेल तर इंजिनचे माउंटिंग बोल्ट. फक्त ब्रेक लावल्यावर येत असेल तर ड्रम ओव्हल झालाय. ६० च्या पुढे बारीक गुणगुण येत असेल तर रिम आउट किंवा तारा ढिल्या. आणि तुमच्यासारखं, कमी स्पीडला हँडल झुलायला लागलं तर संशय कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेरिंग) आणि टो-इनवर (साइडकारचं चाक पुढे बाइकच्या बाजूला किती वळलंय ते), टायरचा नंबर नंतर.

कोनसेट असा बघा. पुढचं चाक अधांतरी येईल अशी गाडी टेकवा, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) खालून धरून पुढे-मागे हलवा, टक टक लागलं तर ढिला आहे. मग हँडल दोन बोटांनी अगदी हळू फिरवा. बरोबर सरळ आल्यावर जरासं खड्ड्यात पडल्यासारखं अडकलं तर रेसमध्ये (बेरिंगच्या गोळ्या फिरतात त्या कड्यात) गोळ्यांचे खड्डे पडलेत, नुसतं कसून उपयोग नाही, बदलावाच लागेल. साइडकारच्या गाडीत हा लवकर जातो कारण गाडी झुकत नाही, सगळं वळण हँडल ओढूनच घ्यावं लागतं.

पंक्चर नाही, पुणे
नवीन टायरवरून हात फिरवून बघा बरं. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखा लागला तर चाक घासत चाललंय, म्हणजे टो-इन गेलंय.

रामबागवाला
पुढचा टायर खरंच करवतीसारखा लागतोय!! दोन महिने पण नाही झाले. टो-इन घरी मोजता येतं का?

जुनी बुलेट, बडोदा
येतं. दोन सरळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घ्या. एक बाइकच्या दोन्ही चाकांना लावून, दुसरी साइडकारच्या चाकाला लावून. मागचा टायर रुंद असेल तर पुढे तेवढं पॅकिंग द्या, नाहीतर माप खोटं येतं. मग पुढच्या चाकापुढे आणि मागच्या चाकामागे दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजा. पुढे साधारण १५ ते २० मिमी कमी हवं. आणि हो, आईंना साइडकारमध्ये बसवून मोजा, रिकाम्या गाडीचं माप कामाचं नाही.

तीन चाकं, ग्वाल्हेर
यात भर घालतो. सगळं नीट केलं तरी २५-३० ला थोडं झुलणं राहू शकतं, साध्या चिमट्याचा ट्रेल (हँडलच्या दांड्याची रेषा जमिनीला मिळते तिथपासून टायर किती मागे टेकतो ते अंतर) साइडकारसाठी जास्त पडतो. बीएमडब्ल्यूच्या १९५५ ते १९६९ च्या अर्ल्स फोर्कवाल्या (पुढचं चाक झुलत्या दांडीवर असलेल्या) गाड्यांत साइडकारसाठी चिमट्याची पिव्हट, म्हणजे झुलण्याचा सांधा, पुढे घेऊन ट्रेल कमी करायला वेगळं भोकच दिलेलं असे, इतका हा मुद्दा जुना आहे. आपल्याकडे सोपा उपाय स्टीअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलचं झुलणं दाबणारा शॉकअपसारखा भाग. पण शेवटी लावा हं! आधी लावला तर ढिला कोनसेट त्याच्यामागे लपून बसेल आणि ते घातक आहे.

साइडकारची नोंद आरसीवर करून घेतली ना? नसेल तर आधी ते करा, इन्शुरन्सच्या वेळी गळ्याशी येतं.

रामबागवाला
आरसीवर आहे, पहिल्याच महिन्यात केलं.

रविवारी सगळं बघितलं. हँडल मधोमध स्पष्ट अडकत होतं. रेस बाहेर काढल्यावर त्यावर ओळीने खड्डे, नखाला लागत होते. टेपर रोलर बेरिंग टाकलं, ते काम मात्र आमच्या गल्लीतल्या जुन्या मेकॅनिककाकांनी केलं, प्रेसशिवाय घरी नसतं जमलं. टो-इन निघालं ४१ मिमी! आई साइडकारमध्ये बसून मटार सोलत होती आणि मी खाली झोपून पट्टी धरलेली. १८ वर आणलं.

काल सुपर कॉरिडॉरवर एकटाच, शेजारच्या सीटवर गव्हाचं पोतं ठेवून चालवून पाहिली. ३५ वरून खाली येताना काही नाही. २५ ला पकड सैल केली तर अगदी बारीक हलतं. डॅम्पर कोणता घेऊ सांगा, आईला मंगळवारी अन्नपूर्णेला न्यायचंय.

तीन चाकं, ग्वाल्हेर
हायड्रॉलिक, कमीजास्त करता येणारा घ्या आणि सगळ्यात हलक्या सेटिंगवर सुरू करा. बेरिंग नवीन आहे, दोनशे किलोमीटरनंतर परत एकदा कसून घ्या, बसलं की थोडं ढिलं पडतं.