पिवळा पट्टा दिसला की ओव्हरटेक बंदच का?

होटगीरोडकर:
शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेसाठी रस्त्यावरचे पट्टे पाठ करतोय. सगळे सांगतात, पांढऱ्याला ओव्हरटेक चालतं, पिवळ्याला नाही. मग पुणे हायवेवर डिव्हायडरच्या कडेनं सलग पिवळा पट्टा आहे, त्याचं काय? आणि बार्शी रोडला तुटक पट्टे मध्येच लांब का होतात?

चारचाकी_४१३००१:
रंगावरून ठरवू नका, आधी पट्टा सलग आहे की तुटक ते बघा. तुटक असेल तर समोरचं मोकळं बघून ओलांडता येतो, रंग पांढरा असो वा पिवळा. रस्त्याच्या मधोमध सलग असेल तर ओव्हरटेकसाठी ओलांडायचा नाही. जोडीनं दोन पट्टे असतील, एक सलग आणि एक तुटक, तर तुमच्या बाजूचा पट्टा तुम्हाला लागू. त्याच ठिकाणी समोरच्याला परवानगी आणि तुम्हाला मनाई असू शकते, कारण वळणावर किंवा चढावर दोघांना सारखं लांबचं दिसत नाही.

हायवेवर डिव्हायडरच्या कडेचा पिवळा पट्टा म्हणजे रस्त्याची उजवी कड, तिचा ओव्हरटेकशी संबंध नाही. डावी कड पांढरी असते. रात्री कॅट्स आय, म्हणजे रस्त्यात बसवलेले चमकणारे ठोकळेही तेच सांगतात: डाव्या कडेला लाल, दोन लेनच्या मधल्या पट्ट्यावर पांढरे, डिव्हायडरकडे पिवळे.

रेघा लांब आणि मधल्या फटी छोट्या झाल्या की पुढे वळण, चौक किंवा सलग पट्टा येतोय असं समजा. तिथे नवीन ओव्हरटेक सुरू करू नका.

होटगीरोडकर:
आभारी आहे. पण सीझनला उसाच्या दोन ट्रॉल्या पुढे असल्या आणि पट्टा सलग असला तर?

चारचाकी_४१३००१:
मागेच थांबायचं. हिशोब करून बघा. ट्रॅक्टर ताशी २५, तुम्ही ६०. ट्रॉल्यांची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर धरून ५० मीटर जास्त कापायचे, म्हणजे साधारण ५ सेकंद. तेवढ्यात तुम्ही ८० मीटरच्या वर जाता, समोरून ८० नं येणारी गाडी ११० मीटर. जवळपास २०० मीटर रस्ता रिकामा हवा, आणि ही अगदी काठावरची गोष्ट झाली. सलग पट्टा असतो तिथे बहुतेकदा पुरेसं पुढचं दिसत नाही. तुटक पट्ट्यावर ओव्हरटेक सुरू केलं तरी सलग पट्टा लागायच्या आत आपल्या लेनमध्ये परत यायला हवं.

सातरस्ता_सिग्नल:
चौकाचंही लक्षात ठेवा. थांबायची जागा स्टॉप लाइनच्या अलीकडे. झेब्रावर चाक गेलं की पायी माणूस गाड्यांच्या मधून वाट काढतो. बाण बघून लेन आधीच धरा, सिग्नलजवळ पट्टा सलग झाला की लेन बदलायची नाही. चुकीच्या लेनमध्ये अडकलात तर बाण नेतो तिकडे जा, पुढून वळून या. पिवळ्या जाळीच्या चौकटीत, पलीकडे जागा मोकळी झाल्याशिवाय शिरू नका, हिरवा असला तरी. आणि लाल असताना डावीकडे वळायला मुभा आपोआप नसते, तशी पाटी किंवा हिरवा बाण लागतो.

थर्मोप्लास्ट:
पट्टे दिसेनासे का होतात तेही सांगतो. थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवलं की वितळणारा पट्ट्यांचा माल, वितळवून साधारण अडीच मिलिमीटर जाडीनं ओततात, आणि गरम असतानाच वर काचेचे बारीक मणी टाकतात. हेडलाइटचा उजेड परत फेकतात ते हे मणी. खाली धूळ किंवा ओल राहिली की पट्टा पापुद्र्यासारखा सुटतो. माल जास्त तापला तर रंग करपतो. मणी उशिरा टाकले तर चिकटत नाहीत, मग दिवसा पांढराशुभ्र वाटणारा पट्टा रात्री गायब. म्हणून नवीन पट्टा रात्री, लो बीमवर बघावा. नुसत्या रंगानं मारलेला पट्टा वाहतुकीत फार लवकर झिजतो. पट्टा पुसला असेल तिथे वळणावर आणि चढावर सलग आहे असंच धरून चला.